हवेची होडी की टणक होडी?

परवा शुक्रवारी, रिलीज एकदाचं पार पडल्यावर, टीममधला माझा मित्र चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "कयाक घ्यायचीय. समुद्रात गरी टाकायला. हवेची घेऊ की टणक?"

आता हा प्रश्न त्याने मला विचारावा, यातच गंमत आहे. मी पोहरादेवीचा. वाशिम जिल्हा, मानोरा तालुका. सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचं मंदिर यामुळे बंजारा समाजाची काशी म्हणून गाव ओळखलं जातं आणि रामनवमीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. समुद्र मात्र रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या आसपास. मी पहिल्यांदा समुद्र पाहिला तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि सगळ्यात आधी पाणी चाखून पाहिलं होतं :) त्यामुळे समुद्राबद्दल सल्ला देण्याची माझी लायकी काय ते तुम्हीच ठरवा.

पण मित्राने मलाच विचारलं त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं हवेच्या कयाकवरून वाहून जाता जाता वाचलोय. ती कहाणी आधी सांगतो.

जानेवारी महिना. मालवणच्या उत्तरेकडचा एक शांत किनारा. सकाळी सातला निघालो तेव्हा पाणी आरशासारखं. पाठीमागून, म्हणजे जमिनीकडून, गार झुळूक येत होती. वल्हं मारायचीसुद्धा गरज पडत नव्हती, आम्ही आपोआप पुढे चाललो होतो. आम्हाला वाटलं, काय भारी होडी आहे! अर्ध्या तासात दोन बारके मासे लागले. मग मागे वळून पाहिलं तर किनाऱ्यावरची माडं काडेपेटीतल्या काड्यांएवढी दिसत होती. परत फिरलो. पाऊण तास जीव तोडून वल्हवलं, माडं तेवढीच. वल्हं क्षणभर थांबवलं की होडीचं नाक फिरायचं आणि वारा आम्हाला पुन्हा बाहेर ढकलायचा. जाळी काढून परतणाऱ्या एका फायबरच्या होडीने आम्हाला पाहिलं, दोर टाकला आणि ओढत आणलं. त्या होडीतले आजोबा रागावले नाहीत. किनाऱ्यावर आल्यावर मित्र त्यांना आमची होडी कुठल्या कंपनीची, किती किलो उचलते वगैरे सांगायला लागला. आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "होडी खयची ती माका सांगू नको. वारो खयचो ता सांग."

आम्हाला ते सांगता आलं नाही. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे दोघांनीही पाठ केले होते, दोन मार्कांना. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा. किनाऱ्याजवळ लाटा दाबून पाणी आरशासारखं करतो तोही तोच, आणि हलक्या होडीला आत घेऊन जातो तोही तोच. पाठ केलेलं आणि कळलेलं यात एवढा फरक असतो!

असो. तर मित्राला शुक्रवारी काहीच उत्तर दिलं नाही. शनिवार-रविवार या विषयाचा इतिहास वाचत बसलो. (लग्न झालेलं नाही, त्यामुळे हे परवडतं.) वाचता वाचता लक्षात आलं की हवेची की टणक, हा वाद कयाकपेक्षा फार जुना आहे आणि त्याचं एक टोक थेट आमच्या वऱ्हाडात येतं.

आधी घरचंच सांगतो. आमच्या भागात लहानपणी मी पाहिलेली पहिली 'होडी' म्हणजे ट्रकची ट्यूब. दिग्रसजवळच्या अरुणावती धरणावर मासे धरणारे काका फुगवलेल्या ट्यूबवर बसून, हाताला छोट्या फळ्या घेऊन पाणी मारत जायचे आणि जाळं लावून यायचे. दुसरीकडे पूर्व विदर्भात वैनगंगेवर ढिवर लोकांचा डोंगा, एका लाकडातून कोरलेला, जड, पिढ्यानपिढ्या चालणारा. म्हणजे हवेची आणि टणक असे दोन्ही प्रकार विदर्भातच आहेत. ट्यूबवाले काका संध्याकाळी ट्यूब खांद्यात अडकवून सायकलवर घरी जायचे. डोंगा मात्र घरी कोण नेणार? तो नदीवरच राहतो, कारण त्याचा मालकही नदीवरच राहतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या भाषेतसुद्धा हे सगळं दडलेलं आहे. आपण रोज मीटिंगमध्ये 'वेळेची आणि कामाची सांगड घाला' असं म्हणतो ना? सांगड म्हणजे मूळची पाण्यावरची वस्तू. दोन होड्या एकमेकींना बांधून केलेलं तरंगतं साधन, किंवा पोहायला घेतलेले दोन वाळके भोपळे. वाळका भोपळा म्हणजे काय, तर निसर्गाने बनवलेली हवाबंद टाकी. कवच टणक, आत हवा.

आता जरा मागे, १८०३ मध्ये. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. आर्थर वेलस्ली (हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं) ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेऊन उत्तरेला निघाला. भर पावसाळा, समोर फुगलेली गोदावरी. सैन्य, तोफा, दारूगोळा पलीकडे न्यायचा. त्याने यासाठी टोपलीसारख्या गोल होड्या वापरल्या. वेताबांबूची वीण आणि वरून कातडं. हंपीला वीकेंडला गेलात की तुंगभद्रेत जिच्यात बसून फोटो काढता, तिचीच ही बहीण. अशा होडीचं सामान कुठेही मिळतं, ती कुठेही बांधता येते, आणि काम झालं की मागे टाकून पुढे जाता येतं. लाकडी होड्या त्यापेक्षा नक्कीच मजबूत, पण त्या चिखलातून बैलगाडीवर शेकडो मैल वाहून नेणं म्हणजे युद्ध बाजूला ठेवून होड्यांचीच चाकरी करणं.

आणि या सैन्याला धान्य कोण पुरवत होतं? आमचे लोक. बंजारे. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्यांना 'ब्रिंजारी' म्हटलंय. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून चालणारे तांडे, ज्याला आम्ही लदेणी म्हणतो. वेलस्लीच्या पत्रांमध्ये या ब्रिंजाऱ्यांची काळजी पानोपानी दिसते, कारण ते आले नाहीत तर सैन्य उपाशी. त्याच मोहिमेत २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, मग २९ नोव्हेंबरला अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड. शेवटची दोन ठिकाणं आमच्या वऱ्हाडातलीच.

आमच्या लोकांचा समुद्राशी संबंध होता तो मिठापुरता. 'लमाण' हा शब्दच लवणावरून, म्हणजे मिठावरून आला असं सांगतात. किनाऱ्यावरून मीठ उचलायचं आणि देशभर पोचवायचं. ज्याच्या बैलाच्या पाठीवर मीठ आहे, त्याला पाणी ओलांडताना काय काय विचार करावा लागत असेल बघा. त्याने पहिला प्रश्न हाच विचारला असणार, की हे सगळं पाण्यापर्यंत आणि पाण्यातून नेणार कोण? बऱ्याच काळानंतर मला वाटतंय की हवेची की टणक या वादातला खरा प्रश्नही हाच आहे.

आता कयाककडे येऊ. हा शब्द आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांचा. मजा अशी, की मूळ कयाक ना हवेची ना टणक. समुद्रातून वाहत आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर शिवून ताणलेलं सीलचं कातडं. झाडंच नसलेल्या प्रदेशात कोरीव होडी बनवणार कशाची? आणि ही होडी हौसेची नव्हती, थेट समुद्रात शिकारीला जाण्यासाठी होती. तिच्यावर शिकारी आणखी एक वस्तू ठेवायचा: सीलच्या कातड्याचा फुगवलेला फुगा. तो भाल्याच्या दोरीला बांधलेला असायचा, म्हणजे भाला लागलेलं जनावर खोल जाऊन हरवायचं नाही. थोडक्यात, हवा होती, पण ती माणसाला तोलायला नव्हती. माणसाचा भार सांगाड्यावर आणि सुटू पाहणाऱ्या गोष्टीला हवा.

हवेवर माणूस बसवायची कल्पनाही जुनीच. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या असिरियन शिल्पांत फुगवलेली कातडी पोटाशी धरून नदी पोहणारे लोक कोरलेले आहेत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ते आहेत. आपल्या सतलजवर फुगवलेल्या म्हशीच्या कातड्यांवरून माणसं पलीकडे नेत. पण हे सगळं नदीवरचं. एका काठावरून दुसऱ्या काठावर, बस्स.

मग रबर आलं. १८४० च्या दशकात पीटर हॉकेट नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या लेफ्टनंटने एक अफलातून वस्तू बनवली: रबर लावलेल्या कापडाचा झगा, जो फुगवला की होडी व्हायचा! रेनकोट घालून निघायचं, नदी आली की रेनकोटमध्ये बसायचं. (पुण्याच्या जुलैमध्ये याला आजही गिऱ्हाईक मिळेल.) नौदलाने कौतुक केलं, पण आमच्या उपयोगाची नाही असंच ठरवलं. उपयोग केला तो आर्क्टिकमध्ये पायी भटकणाऱ्या जॉन रे सारख्या संशोधकांनी. नौदलाकडे जहाजं होतीच, हलक्या होडीची गरज होती ती पायी चालणाऱ्याला. ट्यूबवाले काका आठवले ना?

१९०५ मध्ये म्युनिकमधल्या आल्फ्रेड हॉयरिख नावाच्या विद्यार्थ्याने घडी करून पिशवीत भरता येईल अशी कयाक बनवली. कापडी कातडं आणि सुटा होणारा लाकडी सांगाडा. १९०७ मध्ये योहान क्लेपर नावाच्या शिंप्याने तिचे हक्क घेतले आणि ती जर्मनीत तुफान चालली. कारण होतं रेल्वे. शहरात फ्लॅटमध्ये राहणारा माणूस शनिवारी पिशवी घेऊन ट्रेनमध्ये बसायचा, नदीवर उतरायचा, रविवारी रात्री घरी. म्हणजे आपल्यासारख्या वीकेंडवाल्या लोकांची ही पहिली होडी! ज्याचं घर पाण्यावर नाही त्याच्यासाठी बनवलेली.

आता यातला सगळ्यात भन्नाट माणूस. ऑस्कर श्पेक. जर्मनीतला इलेक्ट्रिशियन, मंदीत काम गेलेलं. मे १९३२ मध्ये उल्म गावातून डॅन्यूब नदीत अशी घडीची कयाक टाकून निघाला. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत नोकरी शोधायची असा साधा बेत होता. पण निघाला तो थांबलाच नाही. तुर्कस्तान, सीरिया, युफ्रेटिस नदी, इराणचा किनारा, कराची आणि मग भारताचा पश्चिम किनारा. १९३५ मध्ये तो सिलोनला पोचला, म्हणजे आज आपण ज्या कोकण किनाऱ्यावर कयाक घेऊन जायचं म्हणतोय, त्या किनाऱ्याने हा गडी नव्वद वर्षांपूर्वी कापडी होडीतून एकटा गेलेला आहे. पुढे ब्रह्मदेश, मलाया, इंडोनेशिया, न्यू गिनी. सप्टेंबर १९३९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या सायबाई बेटावर उतरला. तोवर महायुद्ध सुरू झालं होतं. पोलिसांनी अभिनंदन केलं आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटक केली! सात वर्षं वल्हवून थेट नजरकैदेत.

श्पेकला वाटेत होड्या बदलाव्या लागल्या, मलेरिया झाला. पण तो किनारा धरून चालला आणि वारा पाहून थांबला. होडी मऊ होती, सवय टणक होती.

कुणी म्हणेल, किनारा धरून जाणं वेगळं, खुल्या समुद्राचं काय? त्याचंही उत्तर इतिहासात आहे आणि ते जवळजवळ प्रयोगशाळेतल्या प्रयोगासारखं आहे.

१९५२. आलं बोंबार नावाचा फ्रेंच डॉक्टर. जहाज बुडाल्यावर माणसं मरतात ती जास्त करून भीतीने, असं त्याचं म्हणणं. ते सिद्ध करायला साधारण साडेचार मीटरच्या रबरी हवेच्या होडीतून, १९ ऑक्टोबरला कॅनरी बेटांवरून एकटा निघाला आणि ६५ दिवसांनी, २३ डिसेंबरला, कॅरिबियनमधल्या बार्बाडोसला लागला. मासे पकडायचे, त्यांचा रस पिळून प्यायचा, पावसाचं पाणी, आणि थोडं समुद्राचं पाणी. वजन पंचवीस किलोच्या आसपास उतरलं. हवेच्या होडीतून समुद्रात मासेमारी करण्याचं याहून टोकाचं उदाहरण मला सापडलं नाही.

हानेस लिंडेमान नावाच्या जर्मन डॉक्टरला बोंबारचं समुद्राचं पाणी पिण्याचं म्हणणं पटलं नाही. (दोन डॉक्टर, दोन मतं. इथेही तेच!) तो स्वतःच निघाला. १९५५ मध्ये लाकडाच्या एका ओंडक्यातून कोरलेल्या होडीतून, म्हणजे डोंग्यातून, त्याने अटलांटिक ओलांडला. मग १९५६ मध्ये पुन्हा, या वेळी साधारण ५.२ मीटर लांबीच्या क्लेपर घडीच्या कयाकमधून, ७२ दिवसांत. एकाच माणसाने एकच समुद्र दोन्ही प्रकारच्या होड्यांतून पार केला. यापेक्षा चांगली टेस्ट केस कुठून आणणार? निकाल: दोन्ही पोचल्या. घडीची कयाक शेवटच्या टप्प्यात वादळात उलटली, तरी तो तिला धरून राहिला. त्या कयाकच्या दोन्ही कडांना आतून हवेच्या नळ्या होत्या. बाहेर कापड, आत लाकडी सांगाडा आणि कडेला हवा. सांगड!

पण म्हणून 'दोन्ही सारख्याच' असं म्हणून मोकळं होता येत नाही. कारण १९५८ आहे.

३ ऑक्टोबर १९५८. हाच बोंबार, हवेचा जीवरक्षक तराफा तपासायला फ्रान्सच्या ब्रिटनी भागात एटेल नदीच्या मुखाशी गेला. तिथे वाळूचा दांडा आहे आणि त्यावर लाटा फुटतात. तराफा उलटला. वाचवायला बचाव होडी गेली, ती चांगली मोठी आणि टणक. तीही उलटली. नऊ माणसं गेली, त्यात बचाव पथकातली माणसंही होती. अख्खा अटलांटिक ओलांडलेला माणूस किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर सापडला, आणि तिथे हवेची आणि टणक दोन्ही होड्या हरल्या.

आपल्याकडे खाडीच्या तोंडाशी असेच दांडे असतात. भरती-ओहोटी बदलताना तिथे पाणी कसं उकळतं ते कोकणातल्या कुणालाही विचारा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग होड्या पाण्यात घालायच्या, ही प्रथा काही उगाच पडलेली नाही.

यानंतरचा इतिहास आपल्या ओळखीच्या वस्तूंचा आहे. १९७१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात टिम नीमियर नावाच्या तरुणाने वर बसायची कयाक बनवली. माणूस आत शिरून बसत नाही, वर बसतो. अंगावर आलेलं पाणी होडीतल्या भोकांतून खाली निघून जातं, आणि उलटली तर सरळ करून पुन्हा वर चढता येतं. गरी टाकणाऱ्यांना ती इतकी आवडली की आज समुद्रातल्या मासेमारीच्या बहुतेक टणक कयाक याच घरातल्या आहेत. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या हॉलोफॉर्म कंपनीने साच्यात प्लास्टिकची पूड घालून, साचा तापवत आणि फिरवत, एकसंध पोकळ कयाक काढली. ही पद्धत तुम्ही रोज बघता. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची सिंटेक्सची टाकी अशीच बनते! म्हणजे टणक कयाक ही आडवी, लांबट पाण्याची टाकी आहे, फक्त पाणी बाहेर आणि हवा आत.

इकडे हवेवाल्यांनीही उत्तर शोधलं. गुडइयर कंपनीने १९५६ मध्ये चक्क फुगवायचं विमान उडवलं होतं. त्याच्या पंखात कापडाचे दोन थर हजारो दोऱ्यांनी जोडलेले होते, त्यामुळे फुगवलं की गोल न होता सपाट आणि ताठ राहायचं. आज चांगल्या हवेच्या कयाकचा तळ तसाच असतो. साध्या नळीत दोन-तीन पीएसआय हवा मावते, या तळात दहाच्या आसपास. (गाडीच्या टायरमध्ये तीसच्या पुढे असते, अंदाज यावा म्हणून सांगितलं.)

म्हणजे शंभर-दीडशे वर्षांत झालं काय, तर हवेची होडी टणक व्हायचा प्रयत्न करतेय आणि टणक होडी आपल्या पोटात हवा कोंडून ठेवतेय. तरंगवते दोन्हीकडे हवाच. फरक एवढाच की एकीकडे हवा ताणलेल्या कापडात आहे आणि दुसरीकडे कडक भिंतीत. त्यातून बाकीचे फरक निघतात.

वारा: हवेची होडी हलकी, पाण्यावर उंच बसते, पाण्याखाली तिचं अंग फार कमी. त्यामुळे ती वाऱ्याचं ऐकते. टणक होडी पाण्यात जास्त रुतते, सरळ चालते. आमच्यावर जानेवारीत जी वेळ आली ती टणक होडीतही आली असती, पण पाऊण तासात आम्ही निदान थोडे तरी पुढे सरकलो असतो.

भोक: गळ, सुरी, शिंगाड्याचा काटा, खडकावरची कालवं. मासेमारीचं सगळं सामानच टोकदार! चांगल्या हवेच्या होडीला तीन-चार वेगळे कप्पे असतात, एक गेला तरी बाकीचे धरून ठेवतात. टणक होडीला भोक सहसा पडत नाही, पण झाकण नीट न लावल्यास आत पाणी भरतं, आणि मधे आडभिंत नसेल तर ती एकच मोठा कप्पा. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. म्हणून तिच्या पोटात हवेच्या पिशव्या किंवा फोम भरायचा.

ऊन: दुपारच्या उन्हात वाळूवर ठेवलेली हवेची होडी तापून आतला दाब वाढतो, शिवण उसवू शकते. हवा थोडी सोडून सावलीत ठेवायची. आणि घडी घालण्याआधी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायची, नाहीतर पावसाळ्यात बुरशी.

वजन: हवेची बारा ते वीस किलो. मासेमारीची टणक पंचवीस ते पंचेचाळीस, शिवाय साडेतीन-चार मीटर लांब. ही लिफ्टमध्ये मावत नाही, आधीच सांगून ठेवतो.

कोकणातल्या लोकांनी हा प्रश्न फार आधी सोडवलाय. मालवणकडे उलांडीची होडी असायची. लांब, अरुंद, टणक होडी आणि तिच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्यांनी बांधलेला तरंगता ओंडका, तो उलांडी. अरुंद होडी वेगाने कापत जाते आणि उलांडी तिला उलटू देत नाही. आता बऱ्याच ठिकाणी फायबरच्या होड्या आल्या. फुगवायची होडी मात्र त्यांनी कधी वापरली नाही. वापरतील कशाला? त्यांचं घर किनाऱ्यावर आहे, होडी माडाखाली ओढून ठेवली की झालं.

आणि इथेच मला उत्तर सापडलं. इन्युइट, वेलस्ली, हॉकेट, क्लेपरचे शनिवारवाले गिऱ्हाईक, अरुणावतीचे ट्यूबवाले काका, यांनी हलकी होडी निवडली कारण त्यांच्याकडे एक तर लाकूड नव्हतं किंवा होडी वाहून न्यायची होती. जे पाण्यावर राहतात आणि रोज समुद्रात जातात, त्यांनी टणक निवडली. म्हणजे हवेची होडी जमिनीवरचा प्रश्न सोडवते आणि टणक होडी पाण्यावरचा. आमची चूक ही झाली की आम्ही होडी घेतली पुण्याचा जिना बघून, आणि नेली समुद्रात.

आज सकाळी मित्राला फोन करून सांगितलं ते असं. खाडीत, धरणात, बंदराच्या आत, वर्षातून चार-सहा वेळा जाणार असशील तर हवेची घे, पण दाबाच्या तळाची, खाली पाते असलेली आणि निदान तीन कप्प्यांची. उघड्या समुद्रात जायचं असेल तर टणक, वर बसायची. ती पुण्यात आणूच नकोस. दरवेळी ज्यांच्याकडे उतरतो त्यांच्या अंगणात ठेव, वर्षाचे काय ते पैसे दे. आपण बसने जायचं, होडीने प्रवास करायचा नाही. अर्धे पैसे माझे. लाइफ जॅकेट दोन्ही होड्यांत अंगावरच, होडीत ठेवलेलं नव्हे. आणि निघण्याआधी किनाऱ्यावर कुणाला तरी विचारायचं, वारा कुठला, आणि किती वाजता फिरेल.

तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, "मग जुन्या हवेच्या कयाकचं काय करायचं?"

ती मी मागून घेतली. रामनवमीला गावी जाताना ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून नेणार आहे. अरुणावतीवर वारा असला तरी पलीकडे काठ आहे, कुठेतरी लागेनच. ट्यूबवाले काका अजून येतात का ते बघायचंय. आले तर त्यांना एकदा तिच्यावर बसवणार. ते बहुतेक हसतील आणि म्हणतील, काऊन रे, एवढे पैसे देऊन शेवटी ट्यूबच आणली का?